मिरच्या तिच्या, बरणी आत्याची

आमच्या घरात लोणचं तोंडी लावायला नसायचं. लोणचं हीच भाजी होती. बाबांचा साकीनाक्याचा कारखाना बंद पडला तेव्हा मी चौथीत होते. त्यानंतर दोन-तीन वर्षं त्यांना धड काम मिळालं नाही. कधी कुणाच्या बदली वॉचमन, कधी टेम्पोवर माल चढवायला, कधी नुसतेच घरी. आई साड्यांना फॉल लावायची. घाटकोपरच्या डोंगरावर आमची एक खोली, वर पत्रा. दुपारी भात शिजायचा आणि त्यावर मिरचीच्या लोणच्याचा खार. रात्री तोच भात, तोच खार. म्हणून आई उन्हाळ्यात वर्षभराचं लोणचं एकदम घालून ठेवायची. ते टिकलं तर वर्षभर भाजीची चिंता नाही, असा हिशोब.

ते टिकलं नाही. पावसाळा संपता संपता आईने दादरा सोडला, दादरा म्हणजे बरणीच्या तोंडाला बांधलेलं फडकं, आणि आत पांढरी लव दिसली. वास असा की शेजारच्या काकू दारात येऊन बघून गेल्या. आईने बरणी उचलली आणि गटारात ओतली. पुढच्या वर्षी परत घातलं, परत तेच. तिसऱ्या वर्षीही. प्रत्येक वेळी ती बरणी साबणाने तीन-चारदा घासायची, उन्हात पालथी घालायची, आणि त्या दिवशी भातावर नुसतं मीठ आणि तेलाचा थेंब असायचा.

आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, आमच्याच गल्लीत चार घरं वर राहायची. नवरा लवकर गेलेला, मुलगा पालिकेत कायम कामाला. तिचं लोणचं वर्ष ओलांडून दुसऱ्या वर्षात जायचं. तिसऱ्या वेळी ती खाली आली, रिकाम्या बरणीत नाक घातलं आणि म्हणाली, "तुज्या हाताक लोणचां टिकणां नाय गो. काय काय हात असतत तसे. तू नको घालू."

यात कुचकेपणा नव्हता. एखाद्याचा रक्तगट सांगावा तसं तिने सांगितलं. पण आईने ते ऐकलं आणि ते तिच्या आत जाऊन बसलं. त्यानंतर तिने लोणचं घालणं बंद केलं. इतकंच नाही, भरलेल्या बरणीत चमचा घालणंही बंद केलं. आत्या एक बरणी आमच्याकडे पाठवायची, त्यातलं लोणचं बाबा काढायचे. बाबा घरी नसले तर आई मला सांगायची, "तूच वाढून घे." लग्नाकार्यात बायका लोणचं वाढायला बोलवायच्या तेव्हा ती पाण्याचा जग उचलायची.

मी बारा वर्षांची असताना आत्याच्या घरी लोणचं घालणं चाललं होतं. मी मिरच्यांच्या परातीकडे हात नेला. आत्या म्हणाली, "तू आवशीवर गेलंस, दूर ऱ्हव." आवस म्हणजे आई. मी हात मागे घेतला आणि फ्रॉकला पुसला. काही लागलेलं नव्हतं, तरी पुसला.

त्याच सुमारास आईने मिरच्या लावायला सुरुवात केली. आमच्या मागच्या भिंतीत आणि डोंगराला घातलेल्या दगडी बांधात दीड हाताची पट्टी होती. तिथे ऊन सकाळी नऊला यायचं आणि दोनला जायचं. कुठूनतरी रंगाचे रिकामे प्लास्टिकचे डबे आले. आईने सळई तापवून त्यांच्या बुडाला भोकं पाडली, डोंगरावरची माती चाळून खडे काढले, भाजीवाल्याकडच्या एका पिकून लाल झालेल्या जाड सालीच्या मिरचीचं बी वाळवलं आणि पेरलं. आमच्याकडे पाणी पहाटे अर्धा तास. त्यातलं एक भांडं मिरच्यांचं. शिवाय तांदूळ धुतलेलं पाणी, डाळ धुतलेलं पाणी, सगळं तिकडे.

मला त्या वेळी कळलं नव्हतं, पण मी जे पाहत होते ते साधं नव्हतं. एप्रिलमध्ये पत्रा इतका तापायचा की आम्ही दुपारी घरात बसू शकत नव्हतो, आणि त्या उन्हात ती रोपं उभी राहायची. आई त्यांच्यावर ओलं गोणपाट बांधायची. सकाळी फुलांना बोटाने हलकी टिचकी मारायची. मी विचारलं, "का मारतेस गं?" ती म्हणाली, "इथे मधमाश्या येत नाहीत ना. कुणीतरी हलवायला पाहिजे." हे तिला कुणी शिकवलं माहीत नाही. पुढे बॉटनीच्या पुस्तकात परागीभवनाचा धडा आला तेव्हा मला वर्गात हसू आलं. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने तो धडा रंगाच्या डब्यांवर रोज करून दाखवला होता.

एका वर्षी मी एका रोपाच्या मिरच्या मोजल्या. खाली काळ्या हिरव्या, मध्ये तपकिरी, वर लाल. त्र्याऐंशीपर्यंत आले आणि आईने थांबवलं, "मोजू नकोस, नजर लागेल." असे अकरा डबे. शेजारपाजारचे लोक बघायला यायचे. टोपलं भरलं की ते उचलून आई आत्याकडे नेऊन द्यायची, आणि दाराच्या आत पाऊल न टाकता परत यायची. महिन्याभराने तिथून एक बरणी यायची. मिरच्या तिच्या, बरणी आत्याची. असं आठ-नऊ वर्षं चाललं.

मी आमच्या दोन्हीकडच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते, म्हणून इथेही सांगितलं. मी बीएस्सी केलं, मायक्रोबायोलॉजी घेऊन. आई लोकांना सांगायची, "ती जंतूंचं शिकते." शेवटच्या वर्षी प्रॅक्टिकलला आम्हाला अन्न कसं टिकतं ते होतं. सरांनी दोन परीक्षानळ्या दिल्या. दोन्हींत सारखंच लोणचं, पण एकीवर तेलाचा जाड थर, दुसरीवर पातळ, मधे मधे उघडा. आठवड्याने पाहिलं तर पातळ थराच्या नळीत पांढरी लव. जाड थराची तशीच्या तशी. सर म्हणाले, "बुरशीला हवा लागते. तेल वर चार बोटं असेल तर हवा जात नाही. बस्स, एवढंच आहे."

माझ्या शेजारची मुलगी वहीत लिहीत होती. मी लिहिलं नाही. मला आमची बरणी दिसत होती. त्या बरणीत तेल मिरच्यांच्या वर कधीच यायचं नाही. मिरच्या तेलातून डोकं काढून बसलेल्या असायच्या, हे मला स्पष्ट आठवत होतं, कारण मी त्याच वरच्या मिरच्या आधी उचलायचे.

घरी जाऊन मी आईला विचारलं, "तू लोणचं घालायचीस तेव्हा तेल वर यायचं का?"

"कुठलं लोणचं?"

"खराब व्हायचं ते."

आई साडीच्या फॉलला टाके घालत होती. मान वर न करता म्हणाली, "वर कुठून येणार? होतं तेवढं घातलं."

"मग तेच कारण आहे गं. तुझ्या हाताचं काही नाही. तेल कमी पडायचं म्हणून हवा लागायची."

तिने दोरा तोडला. "तू तुझा अभ्यास कर. तेलाचं कारण सांगू नकोस. हातच तसा आहे."

मला वाटलं होतं ती खूश होईल. दहा वर्षं डोक्यावर घेतलेलं ओझं मी एका वाक्यात उतरवत होते आणि ती ते दोन्ही हातांनी धरून बसली होती. मला राग आला. म्हटलं, शिकलेल्या पोरीचं ऐकायचंच नाही म्हणजे काय.

पास झाल्यावर मला मरोळच्या एमआयडीसीत एका सॉस बनवणाऱ्या कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली. पांढरा कोट, डोक्यावर जाळीची टोपी, दिवसभर बाटल्या तपासायच्या. तिथे मला कळलं की लोणचं फक्त तेलातच टिकतं असं नाही. मिठाच्या पाण्यात टिकतं, व्हिनेगरमध्ये टिकतं, हवा काढून बंद केलेल्या बाटलीत टिकतं. मी ठरवलं की तेलाचा विषयच नको. आईच्या मिरच्या आईच्याच हातांनी दुसऱ्या रीतीने भरायच्या आणि टिकवून दाखवायच्या. वाद घालून ती ऐकणार नव्हती. बरणी बघून ऐकेल.

फेब्रुवारीत मिरच्या भरात आल्या. मी मिठाच्या पाण्याने सुरुवात केली. आईला म्हटलं, "तू चीर दे, तू भर, मी फक्त मीठ मोजून देते." ती नाही नाही म्हणत बसली, मग एका बरणीपुरती तयार झाली. मिरच्या पाण्यात बुडवल्या, वर स्वच्छ धुतलेला दगड ठेवला, फडकं बांधलं. ही रीत मला फार आवडायची, कारण कॉलेजात मी त्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. त्यात इवल्या इवल्या काड्या असतात, हजारोंनी, आणि त्याच मिरचीला आंबट करतात आणि वाईट जंतूंना हाकलतात. त्या आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत पण त्या काम करायला लागल्या की पाण्याला बुडबुडे येतात.

हे बुडबुड्यांचं मी आईला सांगायला विसरले.

तिसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर बरणी मोरीजवळ पालथी होती. घासून लख्ख. आई फॉल लावत होती.

"आई, मिरच्या कुठे आहेत?"

"टाकल्या."

"का?"

"फसफसलं होतं." मग म्हणाली, "तुझ्या सायन्सलापण माझा हात लागला."

मी खाली बसले. ती दिवसभर काय करत असेल ते मला दिसलं. एकटीने फडकं उचललं असेल, बुडबुडे पाहिले असतील, कुणी बघायच्या आत गटारात ओतलं असेल, आणि मग बरणी घासत बसली असेल. परत तेच. आणि या वेळी ते मी करायला लावलं होतं.

मी समजवायला लागले आणि समजावता समजावता आवाज चढला. "अगं बुडबुडे यायलाच पाहिजेत. ते जिवंत झालं होतं. खराब नव्हतं झालं. तेव्हाही हात नव्हता, आताही हात नाही. तेव्हा तेल कमी होतं, किती वेळा सांगू?"

बाबा दाराशी बसून बुटाची नाडी बांधत होते. तेव्हा ते मुलुंडच्या एका सोसायटीत वॉचमन होते, दुपारची पाळी संपवून आलेले, परत कुणाच्या बदली रात्रपाळीला निघाले होते. ते म्हणाले, "तेल कमीच असायचं. मी आणायचो कमी."

"तुम्ही गप्प बसा हो," आई म्हणाली.

"गप्प काय बसू? पोरगी खरं बोलते. ताईच्या बरणीत तेल तरंगायचं. आपल्या बरणीत मिरच्या तरंगायच्या. मला तेव्हाच दिसत होतं."

"मग तेव्हा का नाही बोललात?" हे मी विचारलं.

बाबांनी नाडीची गाठ मारली, सोडली, परत मारली. "काय बोलणार? तिने हातावर घेतलं होतं."

आईने साडी बाजूला ठेवली. मला त्या क्षणी सगळं कळलं, आणि इतक्या उशिरा कळलं म्हणून माझीच लाज वाटली. दोष तेलाचा म्हटला तर तो बाबांचा होतो. कारखाना बंद पडलेल्या माणसाचा. दोष हाताचा म्हटला तर तो तिचा एकटीचा. तिने तो दहा वर्षं आपल्या हातावर ठेवला होता, लग्नकार्यात जग उचलत, स्वतःच्या मिरच्या दुसरीच्या दारात ठेवून परत येत. आणि इतकी वर्षं झाल्यावर तिचा खरंच विश्वास बसला होता. मी मायक्रोबायोलॉजी शिकलेली, मला वाटत होतं की मी तिला काहीतरी शिकवते आहे.

बाबा उठले. जाता जाता म्हणाले, "कर गं परत. एकदा कर. तिचं ऐक."

"आणि परत गेलं तर?"

"तर माझं नाव सांग."

आई हसली नाही, पण तिने त्यांना डबा दिला तेव्हा दोघं दारात उगाच थोडा वेळ उभे राहिले.

दुसऱ्या खेपेला मी हुशारी केली. बुडबुडे येणारं काही नको. व्हिनेगरच्या मिरच्या करायच्या आणि बाटल्या उकळून हवाबंद करायच्या. होलसेल दुकानातून सात बाटल्या आणल्या, नवी कोरी झाकणं आणली. रविवार धरला. पहाटेचं पाणी आलं तेव्हा मी मोठा टोप भरून ठेवला.

आईने टोप पाहिला. "एवढं पाणी कशाला?"

"बाटल्या त्यात बुडवून उकळायच्या."

"लोणच्याच्या?"

"हो."

"भरलेल्या?"

"हो गं, भरून, झाकण लावून, पूर्ण बुडवून."

ती माझ्याकडे बघत राहिली. ज्या बाईने जन्मभर लोणच्याला ओल्या हाताचा थेंब लागू नये म्हणून हात तीनदा पुसले, तिला मी अख्खी बाटली पाण्यात बुडवायला सांगत होते. "बरं झालं तुला डॉक्टर नाही केलं," ती म्हणाली.

मी एक ठरवलं होतं. मी कशालाच हात लावणार नाही. नाहीतर टिकल्या तर म्हणतील पोरीच्या हाताने टिकल्या. मी लॅबमधले रबरी हातमोजे आणले होते, ते आईने परत दिले. "हात माझाच लागायला पाहिजे ना? मग हे कशाला?" तिने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि दोन किलो मिरच्यांना एकेक करून चीर दिली. अर्ध्यातच हातांची आग व्हायला लागली. ती मधे मधे हात दह्यात बुडवायची, धुवायची, पुसायची आणि परत बसायची. बघता बघता परात हिरव्या-लाल मिरच्यांनी भरली आणि आमच्या खोलीत सगळे शिंकायला लागले.

शिंकांचा आवाज ऐकून आत्या खाली आली. तिचे गुडघे गेलेले, भिंत धरत धरत आली आणि पाटावर बसली.

"काय गो चल्लां हा? मिरच्यो हय कशाक?"

"वन्सं, ही करायला लावते."

आत्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शिकलंस म्हणान आवशीक परत रडवतंस काय?"

"आत्या, तू बस आणि बघ."

"बघतंय. पाणी कित्याक एवढां? आंघोळ घालतंस लोणच्याक?"

"हो. साबण पण लावणार आहे."

आई हसली. मग आत्याही हसली, पण उठली नाही. बसून राहिली.

व्हिनेगर, पाणी, मीठ आणि थोडी साखर उकळली. मी कंपनीतून आणलेली आंबटपणा मोजायची कागदी पट्टी बुडवली, रंग पाहिला, मान हलवली. तेवढंच माझं काम. उकळलेल्या गरम बाटल्यांत आईने मिरच्या उभ्या रचल्या, एक लाल, दोन हिरव्या, एक लाल. तसं रचायला मी सांगितलं नव्हतं. वरून रस ओतला, बोटभर जागा सोडली, काठ फडक्याने पुसला, झाकण लावलं. सात बाटल्या टोपात उतरवल्या. पाणी झाकणांच्या वर आलं. उकळी फुटली तेव्हा बाटल्या आत एकमेकींना लागून किणकिणायला लागल्या आणि आईने दोन्ही हात छातीशी धरले.

पंधरा मिनिटांनी तिने चिमट्याने एकेक बाहेर काढली आणि सतरंजीवर घातलेल्या टॉवेलवर ठेवली. मी म्हटलं, "आता गप्प बसायचं आणि ऐकायचं."

"काय ऐकायचां?" आत्याने विचारलं.

"कळेल."

आम्ही तिघी सात बाटल्यांसमोर बसलो. बाहेर कुणीतरी मोटरसायकल सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मग एका बाटलीतून आवाज आला. टक्. झाकणाचा फुगीर मधला भाग आत गेला.

आई दचकली. "फुटली?"

"नाही. बंद झाली. आतली वाफ थंड झाली की आत जागा रिकामी होते, मग वरची हवा झाकणाला दाबून धरते. आता ते कुणाच्या हाताने सहज निघणार नाही."

"वरची हवा म्हणजे कुठली?"

"हीच. आपल्या डोक्यावरची. आकाशापर्यंतची सगळी."

आईने वर पाहिलं. वर पत्रा होता. तरी ती बराच वेळ वर पाहत राहिली, आणि तेवढ्यात दुसरी वाजली, मग तिसरी आणि चौथी लागोपाठ. प्रत्येक वेळी तिचे डोळे मोठे होत होते. मी हे रोज कंपनीत पाहते, शेकड्यांनी. तिथे मशीनचा इतका आवाज असतो की झाकणाचा आवाज ऐकू येत नाही. मी तो पहिल्यांदा आमच्या खोलीत ऐकला. 

सहा वाजल्या. सातवी वाजली नाही. आम्ही थांबलो. अर्धा तास झाला. मी झाकणावर बोट दाबलं तर ते खाली-वर होत होतं.

आत्याने मान पुढे करून झाकणाकडे पाहिलं.  आईचा चेहरा बदलायला लागला, तो मला ओळखीचा चेहरा, गटाराशी उभा राहिलेला. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने ती बाटली ओढली, झाकण फिरवून काढलं आणि मिरच्यांनी आग होणारं बोट काचेच्या काठावरून हळूहळू फिरवलं. अर्ध्यावर बोट थांबलं. तिने ते उजेडात धरलं. बोटाच्या टोकावर मिरचीचं एक बी चिकटलेलं होतं.

"बी राहिलं होतं," आई म्हणाली. "म्हणून बसलं नाही झाकण."

ती हे मला सांगत नव्हती, आत्यालाही नाही. ती ते बी पाहत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी बिघडलं होतं आणि त्याचं कारण तिच्या हातात नव्हतं, बोटावर होतं, पुसून टाकता येत होतं. तिने ते पुसलं. रस परत उकळला, बाटली परत भरली, नवं झाकण लावलं, टोपात सोडली. मला विचारलंही नाही. थोड्या वेळाने सातवीही वाजली.

आत्या उठताना म्हणाली, "पावसाळो काढूंदे. मगे बघू."

तिचं बरोबर होतं. आमच्या डोंगरावर पावसाळ्यात भिंती आतून ओल्या होतात. त्या वर्षी बाबांच्या पट्ट्याला बुरशी आली, चपलांना आली, माझ्या डिग्रीच्या सर्टिफिकेटच्या फ्रेमला मागून आली. सात बाटल्या कपाटावर होत्या. आई दर दोन-चार दिवसांनी त्या उजेडात धरायची, पालथ्या करायची, झाकणावर बोट दाबून पाहायची. रस काचेसारखा. लाल मिरची लाल, हिरवी जराशी पिवळसर. बाकी घर चार महिने कुजत होतं आणि त्या सात बाटल्यांमध्ये फेब्रुवारीतला तो रविवार तसाच बसला होता. कधी कधी मी कामावरून आले की आधी कपाटाकडे पाहायचे. मग कळायचं की बाबाही तेच करतात.

वर्ष झालं. परत मिरच्या भरात आल्या तेव्हा आईने स्वतःच आत्याला बोलावणं पाठवलं. आत्या आली, तिच्यासाठी पेज केली होती. आईने एक बाटली खाली काढली. झाकण फिरेना. बाबा पुढे झाले, तिने त्यांना हाताने थांबवलं, चमच्याचं टोक झाकणाखाली घातलं आणि हलकेच उचललं. फुस्स करून हवा आत गेली. वास आला, आंबट, तिखट, स्वच्छ.

आईने बाटलीत चमचा घातला आणि मिरची काढून आत्याच्या ताटलीत ठेवली. आत्याने ती दाताखाली धरली. कचकन आवाज झाला. वर्षभराची मिरची, अजून कुरकुरीत. आत्या चावत राहिली, पेजेचा घोट घेतला, डोळ्यांतलं पाणी पदराने पुसलं.

"तिखट हा," ती म्हणाली.

"आणखी वाढू?"

"वाढ." दुसरी मिरची संपवून ती म्हणाली, "माझो हात आता थरथरता गो. यंदा माझां लोणचांय तूच घाल."

"तेलाचं?" आईने विचारलं.

"तेलाचांच. ह्यां आंघोळीचां तुमी खावा."

"वन्सं, आणि खराब झालं तर?"

आत्याने ताटली खाली ठेवली. ती आईकडे नाही, बाबांकडे बघत होती. "तर तेल कमी पडलां म्हणान सांगू," ती म्हणाली.

तेलाचं तिला आईने किंवा मी सांगितलेलं नव्हतं, बाबांनीच सांगितलं असणार. आईने तिला आणखी पेज वाढली.

त्या उन्हाळ्यात आईने आपल्या डब्यांतल्या मिरच्यांचं दोन्ही घरांचं लोणचं स्वतःच्या हातांनी घातलं. दोन्ही बरण्या वर्षभर टिकल्या.